कुलथे बाईंचा वाटा

हल्ली लग्नाच्या बोलण्यांत फोटो मागाहून येतो, कानवंशाचा कागद आधी. कागद अर्ध्या पानाचाच असतो. माणसानं यंत्रापुढे पाच मिनिटं इंग्रजी बोलायचं. त्याचे उच्चार कोणाकोणाच्या तोंडून त्याच्या कानात आणि तिथून त्याच्या तोंडात आले, ते यंत्र टक्क्यांत लिहून देतं. बेरीज नेहमी शंभर. एका वरपित्यानं मुलाच्या 'आर'मध्ये तीन टक्के स्कॉटलंड निघाला म्हणून कागद फ्रेम करून बैठकीत लावला. ज्यांच्यात स्कॉटलंड निघत नाही ते म्हणतात, या यंत्रांचं काही खरं नसतं. आणि वर्षभरानं हळूच पुन्हा तपासून घेतात.

पाथर्डीच्या रेवती कुलथेला लग्नही जमवायचं नव्हतं आणि स्कॉटलंडही नको होता. ती त्रेचाळीस वर्षांची, गुरांची डॉक्टर. तिला आईचा आवाज हवा होता.

तिची आई, सुमित्रा कुलथे, मुलींच्या शाळेत चौदा वर्षं इंग्रजी शिकवायची. १९९७ साली, रेवती अकरा दिवसांची असताना ती गेली. मागे लग्नाची एक व्हिडिओ कॅसेट राहिली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कॅसेटवाल्यानं मूळ आवाज पुसून वर सिनेमाची गाणी भरली होती. कॅसेटमध्ये आई काहीतरी बोलून हसते आणि तिच्या तोंडून कोणी पुरुष प्रेमगीत गातो. वडिलांना विचारलं तर ते म्हणत, साधाच होता आवाज. वर्षभरानं त्यांनी शालनबाईंशी लग्न केलं. रेवतीला वाढवलं, अक्षरं गिरवायला लावली, ताप उतरवले ते शालनबाईंनी. रेवती त्यांनाच आई म्हणते. नगरच्या कानवंश-केंद्राचा पत्ता शोधून काढला तोही त्यांनीच.

केंद्राच्या प्रमुख डॉ. यास्मिन मुलाणी यांनी रेवतीचा कागद पुढे सरकवला. शालन कुलथे अडतीस. शाळेतल्या मैत्रिणी एकतीस. कॉलेज आणि वसतिगृह बावीस. टीव्ही आणि किरकोळ नऊ. सुमित्रा कुलथे शून्य.

"आम्ही गाईचा वंश रक्तावरून काढतो," रेवती म्हणाली. "तिथं आई शून्य कधी येत नाही."

"हा वंश रक्ताचा नाही, कानाचा आहे. जीभ नुसती हमाल. कान देईल ते वाहते."

मग नाशिकचं इंग्रजी वेगळं आणि मदुराईचं वेगळं, हे हवापाण्यामुळे नाही का, असं रेवतीनं विचारलं. मुलाणी हसल्या. पाणी बिचारं काही करत नाही, त्या म्हणाल्या. एका जागची माणसं दिवसभर एकमेकांना ऐकतात आणि नकळत एकमेकांसारखी होत जातात. दोन गावांमध्ये डोंगर असला, नदी असली किंवा नुसता मोठेपणा आडवा आला, की इकडचे कान तिकडे पोचत नाहीत. मग शंभर वर्षांत दोन्हीकडचे उच्चार फाटतात. इंग्लंडातून लोक बोटीनं अमेरिकेला गेले ते शब्दाच्या शेवटचा 'र' घेऊन गेले. लंडननं तो पुढे हळूहळू सोडला. आज अमेरिकन माणूस 'वॉटर'चा 'र' घोळवतो, तेव्हा तो लंडननं टाकून दिलेली वस्तू वापरत असतो. आपल्याकडे तर इंग्रजी आलं तेव्हा प्रत्येक तोंडात एक भाषा आधीच ऐसपैस बसलेली होती. बंगाल्यानं 'व्ही'चा 'भ' केला. आपण पुस्तकातल्या इंग्रजी शब्दांवर पेन्सिलीनं देवनागरी लिहिली, 'व्ही'साठी 'व्ह' लिहिला, आणि लिहिलेला 'ह' वाया कशाला घालवायचा म्हणून उच्चारलाही. लंडनला हा श्वास ठाऊक नाही.

"म्हणजे कोणाच्याही तोंडात शे-दोनशे वर्षांची माणसं बोलत असतात," मुलाणी म्हणाल्या. "बहुतेक मेलेली. तुमची आई तुमच्यात नाही. पण ती गेलेली नाही."

सुमित्राबाईंच्या हाताखालून गेलेल्या चाळीस बायका केंद्रानं शोधल्या होत्या. प्रत्येकीत बाई दहा-पंधरा टक्केच होत्या. उरलेलं प्रत्येकीचं निराळं: कोणी बँकेत, कोणी दुबईत, कोणी शेतात. मुलाणींचं म्हणणं असं, की या चाळीस जणी एकसुरात बोलल्या तर जे निराळं ते एकमेकांना खोडेल आणि जे समान ते चाळीसपट वर येईल. बाईंचा गळा परत मिळणार नाही, तो देहाबरोबर गेला. मिळेल तो उच्चार, ठेका, चढउतार. माणूस ओळखायला आपल्याला तेवढं पुरतं.

त्या रविवारी पन्नाशी-साठीतल्या चाळीस बायका सभागृहात जमल्या. पहिला अर्धा तास गुडघे आणि सुना यांत गेला. एकीनं सांगितलं, तिचा नवरा म्हणतो, तू इंग्रजीत बोललीस की समोरच्यानं परत म्हणून दाखवायचं असतं असं वाटतं. बाकीच्या एकदम तिच्याकडे वळल्या. प्रत्येकीला घरी हेच ऐकायला मिळालं होतं.

मग त्या सवयीनं उंचीप्रमाणे रांगांत उभ्या राहिल्या आणि जुना धडा सुरू झाला.

"एव्हरी ईव्हनिंग वी व्हिजिट द रिव्हर."

पहिल्या ओळीला चाळीस आवाज होते. तिसरीला वीस वाटले. सहाव्या ओळीला रेवती खुर्चीच्या कडेला सरकली, कारण सभागृहात एकच बाई बोलत होती. ती कुठल्याच रांगेत नव्हती. तिला 'व्ह'चा श्वास जरा जास्त लागत होता. 'ईव्हनिंग'वर ती थोडी रेंगाळायची, जणू तिथं उजेड बघून पुढे जायची. आणि प्रत्येक ओळीचं टोक ती वर उचलून धरायची. चौदा वर्षं ती एक ओळ म्हणायची आणि वर्ग ती परत म्हणेल म्हणून थांबायची. ते थांबणंच तिचा उच्चार होऊन बसलं होतं. विद्यार्थिनींनी शब्दांबरोबर तिचं वाट पाहणंही उचललं होतं, आणि चाळीस-पन्नास वर्षं बँकांत, दुबईत, शेतांत ते जपलं होतं, आपण काही जपतो आहोत याचा पत्ता नसताना.

शेवटच्या ओळीचं टोक तसंच वर राहिलं. म्हणायला आता कोणी उरलं नव्हतं.

रेवतीनं ती ओळ परत म्हटली.

बायकांनी तिला दर रविवारी यायला सांगितलं. ती तीन महिने गेली. मग मुलाणींनी पुन्हा कागद काढला. सुमित्रा कुलथे चार. शालन कुलथे चौतीस.

रेवतीनं चौतीसवर बोट ठेवलं; मागच्या कागदावर तिथं अडतीस होते. कानात जागा तेवढीच असते का, तिनं विचारलं. तेवढीच, मुलाणी म्हणाल्या. नवं कोणी आलं की जुनं कोणी सरकतं, आणि कोणी सरकायचं ते आपल्या हातात नसतं.

तिनं शालनबाईंना सांगितलं आणि आपण आता जाणार नाही असंही सांगून टाकलं. शालनबाई म्हणाल्या, चार टक्क्यांनी मी काही उघडी पडत नाही. पुढच्या रविवारी त्या स्वतःच बरोबर आल्या. चाळीस वर्षं भिंतीवरच्या ज्या फोटोला हार घातला, ती बोलायची तरी कशी, हे त्यांनाही ऐकायचं होतं.

वाट पाहताना मुलाणींनी त्यांचाही कागद काढला. शालनबाई दहावीपर्यंत शिकलेल्या. आपल्याला इंग्रजी येत नाही, असंच त्या सगळ्यांना सांगत. कागदावर पहिल्या ओळीत लिहिलं होतं: रेवती कुलथे एकसष्ट.

"हे उलटं कसं?" शालनबाईंनी विचारलं.

पहिली अक्षरं तुम्ही दिलीत, मुलाणी म्हणाल्या, पण मग ती शाळेतून येऊन रोज तुमच्यापुढे धडे म्हणायची. तुम्ही ते कानात घेत गेलात. तुमच्या तोंडात आज जे इंग्रजी आहे, ते बरंचसं सात वर्षांच्या रेवतीचं आहे. तिच्या तोंडातून ते केव्हाच गेलं. आता ते फक्त तुमच्याकडे आहे.

शालनबाईंनी कागदाची घडी केली. आत बायका रांगांत उभ्या राहत होत्या.

"मी आत बसले तर ती माझ्यातही येईल?"

"थोडी येईल, मावशी."

"आणि सरकेल कोण?"

मुलाणींनी त्यांच्या हातातल्या घडीकडे पाहिलं. एकसष्टातूनच सरकणार, हे कागद वाचणाऱ्या कोणालाही कळलं असतं.

"तू जा आत," शालनबाई रेवतीला म्हणाल्या. "तुला लागतं ते घे. मी बाहेर बसते."

सभागृहाला काचेचं दार होतं. धडा सुरू झाला, सहाव्या ओळीला ती एकच बाई आली, आणि रेवतीनं दाराकडे पाहिलं. शालनबाई बाकावर ताठ बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही कानांत बोटं गच्च घातली होती, आणि मानेनंच त्या तिला सांगत होत्या, ऐक, ऐक.