फितवलेला शब्द

पहाट फुटली ती तांबड्या मातीवर. ना गड, ना बुरूज, ना नौबत. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या त्या उजाड माळावर पत्र्याची एक मशीद, चार खजुरीची झाडं आणि त्यांच्या आडोशाला बसलेले गुलजमान खानाचे उंट, एवढीच काय ती दौलत. त्यांच्याच पाठीवरून लोकरीचे गठ्ठे, तारेचे खांब, गोऱ्या बायकांचे पियानोसुद्धा या मुलखात गेले होते. पण पहिलं महायुद्ध सरलं, रणातून परतलेल्या शिपायांनी मोटारलॉऱ्या घेतल्या, आणि ज्यांनी वाट पाडली त्यांचीच वाट लागली. त्याच्यासारखेच उंट हाकायला इकडं आलेले पठाण जातभाई एकेक करून पेशावरला परतले. खान राहिला, कारण जानानला टाकून जाणं त्याच्या जिवावर आलं. जानान म्हणजे त्याची म्होरकी सांडणी; आई मेल्यावर त्यानं तिला चिंधीनं दूध पाजून वाढवलेली.

तशात फर्मान सुटलं, की बेकार उंट गोळ्या घालून मारावे. ते बजावायला फौजदार पेनरोझ आला. एकदा तहानेनं मरायला टेकलेल्या याच फौजदाराला खानानं जानानच्या पाठीवर घालून आणलं होतं.

"खानसाहेब, आपले उपकार मी विसरलो नाही," टोपी काढून तो म्हणाला. "पण हुकूम माझा नव्हे. महिन्याभरानं येईन, तेव्हा त्यांना ओळीनं बसवावं. पळत्या जनावराला गोळी नीट लागत नाही, हाल होतात."

सोडून द्यावेत, तर सांजेला ते पुन्हा दारात हजर. आणि कोणीही 'हुश्ता' म्हणावं, की गुडघे टेकून मोकळे! तो शब्द फौजदारालाही येत होता; खानानंच शिकवलेला.

मग खानानं तो शब्दच फितवला. रोज सकाळी जानानसमोर उभा राहून तो 'हुश्ता' म्हणे. ती विश्वासानं गुडघे मोडी, आणि ज्या हातानं दूध पाजलं त्याच हातानं तो आसूड ओढी, ती उठून पळेपर्यंत. वळांवर तेल लावण्यापासूनही त्यानं मन आवरलं. माया दाखवली तर शिकवण वाया जायची. महिना सरत आला तेव्हा ती त्याच्या सावलीलाही थांबेना.

फौजदार आला त्या सकाळी खानानं सगळ्यांच्या वेसणी काढून ठेवल्या होत्या.

"बसवा, खानसाहेब."

"तो शब्द माझ्या तोंडून काढवू नका. आपणच म्हणावा."

फौजदारानं बंदूक सरसावली आणि हाक दिली, "हुश्ता!"

जानाननं मान झटकली आणि उधळली. म्होरकी पळाली, तसा तिच्यामागं सगळा तांडा. धूळ बसली तेव्हा माळ रिकामा होता.

"शब्द फितूर झालेला दिसतो," फौजदार हळूच म्हणाला.

"मी फितवला. मला कैद करावं."

फौजदारानं बंदूक खांद्याला अडकवली. "उंट सापडले नाहीत, असं कळवीन. खोटंही नाही ते."

पुढं मंदी आली. रोजगार गेलेले गोरेही पाठीवर वळकटी टाकून त्याच वाटेनं पायी हिंडू लागले, आणि त्यांच्यात म्हातारा खानही. एका सकाळी पाणवठ्यावर त्याला उंट दिसले. पुढं जानान, पाठीवर जुने वळ, पोटाशी पिल्लू. तिनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. ओळखलं तिनं! खानाचा ऊर भरून आला, आणि जन्मभराच्या सवयीनं तोंडून निघून गेलं, "हुश्ता, जानान, हुश्ता."

बघता बघता पाणवठा ओस पडला. चिखलात तिच्या पावलांचे ठसे राहिले. खान त्यांच्याजवळ गुडघे टेकून बसला. तो शब्द ऐकून बसणारं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं.