उपाशी जोडीदार

"अहो, ते ताट माझं आहे!"

मी ओरडले तोवर त्यानं माझ्या मोडाच्या मुगाचा घास तोंडात टाकलाही होता. अग्निशमन दलाच्या प्रशिक्षण केंद्रातली पहिलीच सकाळ, कँटीनमध्ये ही झुंबड, आणि समोर हा दांडगा माणूस… चेहरा असा, जणू कुणी त्याला काढा पाजलाय.

"माफ करा," घास कसाबसा गिळत तो म्हणाला. "हे तुम्ही… स्वतःहून खाता?"

माझ्या हातात आलेल्या त्याच्या ताटात उकडलेल्या अंड्यांचा ढीग. "आणि हे सगळं एकट्याचं?"

तो हसला. एकाच गालाला खळी पडली. मी रागात होते, त्यामुळे मला ती दिसलीच नाही — असं निदान मी मैत्रिणीला सांगितलं.

दुपारी आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांनी जोड्या लावल्या आणि आमची दोघांची लागली. शेवटची परीक्षा जोडीनंच द्यायची होती. तिसऱ्या मजल्यावरून एकानं दुसऱ्याला खांद्यावर घेऊन खाली यायचं, मग दुसऱ्यानं पहिल्याला. मध्ये टेकवलं की दोघंही बाद. या भरतीनंतर माझं वय बसणार नव्हतं. दादानं तर बजावूनच ठेवलं होतं, "नाही जमलं तर गुपचूप माझ्या दुकानात नटबोल्ट विकायला बसायचं." आणि त्या रणगाड्याला घेऊन मला एक मजलाही उतरता येत नव्हता.

"नीट खात जा जरा," तो म्हणायचा. "वजनं उचल. नुसतं पळून ताकद येत नाही."

"तू आधी वाकायला शीक. बुटाची नाडी तरी बांधता येते का स्वतःची?"

"योगासनात तुझे ते पाय डोक्यामागे गेलेले बघून मला भूक लागते."

"तुला कशानं लागत नाही?"

एके दिवशी उस्ताद वैतागले. "एकमेकांच्या ताटात डोकावणं बंद करा! नाहीतर एकमेकांचं करून तरी बघा!"

मग आम्ही हट्टानंच करून बघितलं. मी वाळूची पोती उचलायला लागले, डाळ आणि शेंगदाणे दुप्पट केले. तो रोज सकाळी माझ्या शेजारी चटई टाकून, कण्हत-कुथत वाकायला शिकला. माझे खांदे भरले, त्याची जुनी कंबरदुखी पळाली. मूग त्याला शेवटपर्यंत आवडले नाहीत, अंडं मी खाल्लं नाही, पण त्यावरून भांडण मात्र होईनासं झालं. उलट तो माझ्यासाठी शेंगदाणे बाजूला काढून ठेवायचा. आणि मी… मी त्या खळीकडे बघत बसायची.

तरीही पहिल्या मजल्यापर्यंत आलं की मला त्याला टेकवावंच लागायचं. एकदाही मी त्याला थेट खालपर्यंत आणू शकले नव्हते.

परीक्षेच्या दिवशी मी त्याला उचललं, तर तो सहज उचलला गेला! एक जिना झाला, दुसरा सुरू झाला. "बघ, जमतंय मला!" मी धापा टाकत म्हटलं. वळणावर त्याचा हात माझ्या दंडाला लागला… गार, घामानं ओला, लुळा.

"काय झालंय तुला?"

"काही नाही… थांबू नकोस."

टेकवलं तर दोघंही बाद. आणि नाही टेकवलं, तर याचं काय? "माझ्याशी बोलत राहा! गप्प झालास की टेकवणार!"

"बोलतोय… तुझे केस नाकात जातायत…"

कशी खाली आले, देव जाणे. त्याला उतरवलं तर चेहरा पांढराफटक.

"कधी जेवलास?"

त्यानं मान फिरवली.

"विचारतेय मी!"

"परवा," तो पुटपुटला. "म्हटलं, थोडा हलका झालो तर तुला…"

"अक्कल गहाण टाकलीस का?" माझा आवाज फाटला. "ती पोती मी कशाला उचलली? अख्ख्या तुला उचलायला ना? अर्ध्यामुर्ध्याला नाही!"

मी धावत उस्तादांकडे गेले. "आमची दुसरी फेरी सगळ्यात शेवटी घ्या, साहेब." त्यांनी लांबूनच त्याच्याकडे पाहिलं. "घेतो. पण डॉक्टर हो म्हणाले तरच."

डॉक्टरांनी त्याला साखरपाणी पाजलं, खायला घालायला सांगितलं. कँटीनमध्ये मी जन्मात पहिल्यांदा अंड्याला हात लावला. सोलताना अर्धं सालासकट गेलं.

"तू… सोलतेयस?"

"गप्प खा."

बाकीच्या सगळ्या जोड्या झाल्या, डॉक्टरांनी नाडी पाहून मान हलवली, आणि आम्ही पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेलो. त्यानं मला खांद्यावर घेतलं. उलटं लटकून मला दिसत होत्या फक्त त्याच्या टाचा आणि पायऱ्या. पहिला जिना नीट गेला, दुसराही. शेवटच्या वळणावर तो थांबला. एक हात भिंतीला.

"पाय ऐकत नाहीयेत," तो म्हणाला.

अवघा एक जिना राहिला होता. माझ्या डोळ्यांसमोर दादाचं दुकान आलं. रडूही आलं.

"टेकव मला."

"काय?"

"टेकव म्हणतेय ना! तू पडायचं नाहीस. गेली नोकरी तर गेली."

"वेडी आहेस का? तुझं शेवटचं वर्ष—"

"विकेन नटबोल्ट! तू मला नोकरीपेक्षा जास्त आवडतोस, कळलं?"

त्याची माझ्यावरची पकड घट्ट झाली.

"…कधीपासून?"

"ही वेळ आहे का विचारायची?"

"नाही," तो म्हणाला. "पण आता टेकवतोय कोण!"

त्यानं भिंतीवरचा हात काढला. एक पायरी. मग जरा थांबून आणखी एक… मी डोळे गच्च मिटून घेतले. ते उघडले ते उस्तादांची शिट्टी वाजल्यावर. आम्ही खाली पोचलो होतो, आणि अख्खी तुकडी बोंबलत होती.

"उतरव आता," मी म्हटलं.

"उतरवतो. पण सरळ उभं राहून परत म्हणायचं. उलटं लटकून बोललेलं मी धरत नाही."

त्यानं मला उभं केलं. डोकं गरगरत होतं, केस विस्कटलेले, आणि सगळे टक लावून बघत होते. लाज वाटली… खूप वाटली. तरी मी म्हटलं. उस्तादांसमोर, डॉक्टरांसमोर, सगळ्यांसमोर, अगदी शब्दनशब्द. त्याचे कान लालबुंद झाले. मग त्यानं माझा हात धरला, आणि उस्ताद निकालाची यादी वाचायला लागेपर्यंत काही सोडला नाही. पहिलं नाव माझंच होतं. निवड झालेल्यांत.