यादीतलं शेवटचं घर

ऐकलं तसं लिहिते. आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे अर्जुनराव, यांनी हे परवा लाईन गेल्यावर ओट्यावर बसून पोरांना सांगितलं. गोष्ट सांगताना त्यांचा आवाज कधी चढत नाही. खताचा भाव सांगावा तसं सगळं एका आवाजात सांगतात, म्हणूनच मला जास्त भीती वाटते. माझं लेकरू मांडीवर झोपलं होतं. उठून आत जाता आलं असतं, पण गेले नाही.

"वडनेर भोलजीचा निवृत्ती तुमाले माहीत आहे," मामाजी म्हणाले. "छोटा हत्ती चालवते तो. माह्या साडूचा पोरगा."

"दिवाळीले फटाके आनते तो काका?" माझ्या दिराचा अविनाश म्हणाला.

"हाव, तोच. त्याच्यासंगं झालेली गोष्ट आहे. तीन वर्षं होतील आता. वटपौर्णिमेची आदली रात्र. शुक्रवार होता."

पुढचं मी माझ्या शब्दांत लिहिते. माणसांचं बोलणं मात्र त्यांनी सांगितलं तसंच ठेवते.

त्या आठवड्यात मंगळवारी सांजेला वावधान, म्हणजे मोठं वादळ, सुटलं होतं. मोताळ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला एक वस्ती आहे. नाव मामाजींनी सांगितलं नाही, माणसं अजून राहतात म्हणाले. तिथली एकूणएक घरं उघडी पडली. टिनं दोन-दोन शेतं ओलांडून विहिरीत सापडली. विजेचे खांब आडवे झाले. दोन दिवस कोणी फिरकलं नाही. मग बुलढाण्याहून चर्चची सहा पोरं-पोरी आली. शाळेच्या व्हरांड्यात झोपायची, मोठ्या गंजात खिचडी शिजवायची आणि दिवसभर लोकांच्या घरांवर टिनं ठोकायची. टिनं, ताडपत्र्या, ब्लँकेटं आणायला त्यांनी निवृत्तीची गाडी सांगितली होती.

पहिल्या दिवशी वस्तीतली माणसं जरा लांबच उभी राहिली. एक म्हातारा म्हणाला, "टिन घेतो बाप्पा, पन तुमचा येशू नको मले."

त्या पोरांमधला मोठा हर्षल, तो घराच्या आढ्यावर बसलेला होता. वरूनच म्हणाला, "आजोबा, येशू सुताराचा पोरगा होता. आधी टिन ठोकू द्या. पसंत नाही आलं तं दोघांलेबी शिव्या देजा."

म्हातारा हसला. मग शिडी धरायला आला.

त्यांची कामाची एक रीत होती. प्रत्येक घरात आधी खाली बसायचं आणि त्या घरातल्या सगळ्या माणसांची नावं लिहायची. अंगावर पिणाऱ्या लेकराचंसुद्धा. जितकी नावं तितकी ब्लँकेटं. आणि रात्री शाळेत हात जोडून बसायचं, ती सगळी नावं एकेक करून मोठ्यानं वाचायची, की देवा, याला सांभाळ, हिला सांभाळ. लिहायचं काम काजल नावाच्या पोरीकडे होतं. नर्सिंग शिकत होती. बारीक, चष्मेवाली.

तिचं पहिल्याच घरात अडलं. तिनं विचारलं, "मावशी, लेकरं किती?"

मावशी भडकलीच. "लेकरं मोजते काय व? कोनी शिकवलं तुले?"

आपल्याकडे लेकरं मोजून सांगत नाहीत. दृष्ट लागते. मीही सांगत नाही. दवाखान्यात विचारलं तरी माझी जीभ अडते. काजलनं मग मोजणं सोडून दिलं. "मोजत नाही मावशी, नुसती नावं सांगा," असं म्हणायला लागली. नावं मात्र बायांनी सांगितली.

शुक्रवारी सांजेपर्यंत सगळी वस्ती झाली. एक घर राहिलं. वस्तीपासून अर्धा कोस लांब, शेतातलं. शालूबाईचं.

शालूबाईचा नवरा सुरतेला कामाला होता. फोन बंद पडले होते म्हणून त्याला अजून निरोप गेला नव्हता. मंगळवारी तिच्या घराची एक भिंत पडली होती. दुसरी उभी होती, पण फाटलेली. ती बाई तेव्हापासून त्या फाटलेल्या भिंतीला पाठ लावून बसली होती. लेकरं जवळ घेऊन. वस्तीतल्या बाया भाकर देऊन यायच्या. ती खायची, लेकरांना खाऊ घालायची. उठा म्हटलं की उठायची नाही. रडायची नाही. बोलायचीही नाही.

आणि शुक्रवारी सांजेला आभाळ पुन्हा भरून आलं.

"पानी लागलं की थे भिंत राहत नाही," वस्तीचे पोलीस पाटील रामराव म्हणाले. "लेकरं जातीन संगं. तुमी पाहा. आमचं तं ऐकत नाही ते."

"तुमी चला ना संगं," हर्षल म्हणाला.

रामराव खाली पाहायला लागले. "मी नाही येत," म्हणाले. "मले नका नेऊ तिच्यासमोर."

का, ते कोणी विचारलं नाही. घाई होती. निवृत्ती, हर्षल आणि काजल, तिघं गाडी घेऊन निघाले. साडेआठ झाले होते.

शेतात गाडी घराच्या समोर उभी केली. हेडलाईट चालू ठेवले. निवृत्ती गाडीजवळच थांबला. उजेडात त्याला सगळं दिसत होतं. बाई भिंतीला टेकून. एका अंगाला आठेक वर्षांची पोरगी, दुसऱ्या अंगाला पाच वर्षांचा पोरगा. भिंतीत वरपासून खालपर्यंत फट, हात जाईल एवढी. मागं पडलेल्या भिंतीचा ढीग.

हर्षलनं हात जोडले. "ताई, चला. पाणी येऊन राह्यलं."

बाई त्याच्याकडे बघत होती. बघत होती म्हणजे डोळे त्याच्याकडे होते.

"लेकरांसाठी तरी चला."

काही नाही.

मग काजल तिच्यासमोर मातीत बसली. वही काढली. हर्षल म्हणाला, आता कुठं लिहितेस. पण तिची रीत होती, ती बसली. मोठ्या पोरीला विचारलं, "तुझं नाव काय गं?"

"योगिनी."

"आणि भाऊ?"

"हरिओम."

काजलनं लिहिलं. "आणखी?"

योगिनी खाली बघायला लागली.

वारा थांबला होता. गाडीचं इंजिन तेवढं चालू. काजल वहीवर पेन टेकवून वाट बघत होती. मग तिनं पुन्हा लिहिलं. लिहून झाल्यावर सगळ्या घरांत वाचायची तसं वाचून दाखवलं.

"शालूबाई. योगिनी. हरिओम. निशिगंधा."

बाई उठली.

तीन दिवस न उठलेली बाई. कुणाचा हात न धरता. लुगड्याची माती झटकली आणि गाडीकडे चालायला लागली. काजलनं चार ब्लँकेटं तिच्या हातात दिली. तिनं घेतली.

गाडीत मागं टिनं होती. टिनांच्या कडेला बाई, दोन लेकरं, काजल आणि हर्षल बसले. निवृत्तीनं मागचा फळका लावला. तो पुढं आला, दार उघडलं.

बाजूच्या सीटवर एक लेकरू बसलं होतं.

तीन-साडेतीन वर्षांची पोरगी. अंगात फ्रॉक. पाय खाली पोचत नव्हते. काजलनं बसवली असेल, मागं टिनांचं लागेल म्हणून, असं त्याला वाटलं. चांगलं केलं, असंही वाटलं. त्यानं गाडी वळवली.

रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी. पहिल्या गिअरमध्ये चालला होता.

"काय नाव व बाई तुहं?"

...

"भेव लागते काय? हे पाह्य, आता शाळा येते. खिचडी आहे तिथं."

...

"माहीबी एक आहे तुह्याएवढी. लई बोलते थे."

पोरगी समोर बघत होती. तिचे केस ओले होते. कपाळाला चिकटलेले. निवृत्तीनं काचेकडे पाहिलं. काच कोरडी होती. पाणी अजून सुरू झालं नव्हतं.

त्यानं पुन्हा पाहिलं नाही.

गिअर बदलताना त्याच्या हाताला गार लागलं. विहिरीत हात घातल्यासारखं. त्यानं हात काढला. मग त्याच गिअरमध्ये चालवत राहिला.

"काका."

"हं..."

"आईनं सांगतलंच नाही."

"काय... काय नाही सांगतलं?"

...

शाळेचा कंदील दिसायला लागला. दिसत होता. जवळ येत नव्हता. निवृत्ती एकदाच डावीकडे बघणार होता. नाही बघितलं. दोन्ही हात स्टेअरिंगवर. समोर फक्त चाकोरी.

मामाजी इथं थांबले. अविनाश म्हणाला, "मंग?" पण हळूच म्हणाला. मी लेकराच्या छातीवर हात ठेवला. श्वास चालू होता.

"मंग काय," मामाजी म्हणाले. "आली शाळा."

गाडी व्हरांड्यापाशी लागली. रामराव कंदील घेऊन पुढं आले. हर्षलनं फळका उघडला. योगिनीला उतरवलं. हरिओमला उतरवलं. बाई आपली आपण उतरली. तिनं योगिनीच्या डोक्यावर हात ठेवला.

"एक," म्हणाली.

तीन दिवसांत बोललेला पहिला शब्द.

हरिओमच्या डोक्यावर हात ठेवला. "दोन."

मग पुढं आली. निवृत्तीच्या बाजूचं नाही, दुसऱ्या बाजूचं दार तिनं उघडलं. हात आत घातला. सीटच्या वर, लेकराचं डोकं असतं तेवढ्या उंचीवर ठेवला.

"तीन."

निवृत्तीनं आता पाहिलं. सीट रिकामी होती.

 रामरावांनी कंदील खाली ठेवला. बाई लेकरांना घेऊन आत गेली.

"आमाले वाटलं, झालं," रामराव म्हणाले. "मंगळवारी आमीच गेलो होतो. भिंत पडलेली, अंधार, पानी. मीच इचारलं तिले, लेकरं किती व? थे म्हने, हायेत, देवाच्या किरपेनं. बाया तसंच सांगतात. पोरगी सापडली, पोरगं सापडलं, दोघंबी जित्ते. थे चक्कर येऊन पडली. आमी म्हनलं, निंगाले समदे. पानी पाजलं, भिंतीले पाठ लावून बसवलं. घरी आलो. भाकर खाल्ली. झोपलो."

...

"पायटी, उजाडता उजाडता, शुद्धीवर आली थे. मंग उकरलं आमी. लहान व्हती. कोपऱ्यातच व्हती. दगड मोठा नव्हता अंगावर. नाकातोंडात चिखल गेला व्हता निस्ता." रामरावांनी कंदिलाची वात जरा खाली केली. "मी मोजले नाही. शंभरदा गेलो असीन तिच्या घरी चहाले. मले माहीत व्हतं तिले तीन आहेत. पन मोजले नाही."

काजलनं वही उघडली. तिचंच अक्षर होतं. योगिनीला जवळ घेऊन तिनं विचारलं, "निशिगंधा हे नाव तू सांगितलंस ना?"

"नाही."

"मग भावानं?"

"थो नाही बोलत मंगळवारपासून."

काजलला आठवत होतं ते एवढंच, की आणखी कोण असं विचारल्यावर बाईच्या मागून लेकराचा आवाज आला. तिला वाटलं, पदराआड असेल एखादं, लाजत असेल. तो आवाज भिंतीच्या बाजूनं आला होता हे तिच्या नंतर ध्यानात आलं. गाडीत पुढं तिनं कोणालाच बसवलं नव्हतं.

हर्षल हळूच म्हणाला, "नाव काढून टाकू का?"

काजलनं आत पाहिलं. शालूबाई तीन ब्लँकेटं शेजारी शेजारी अंथरत होती. "राहू दे," काजल म्हणाली.

त्या रात्री प्रार्थनेत सगळी नावं वाचली. निशिगंधाचं आलं तेव्हा शालूबाईनं मान हलवली. वर्गात हजेरी देतात तशी. रडली नाही. लेकरांकडे तोंड करून झोपली.

पावणेदहाला पाऊस लागला. मोठा नव्हता. सकाळी माणसं शेतात गेली तेव्हा ती फाटलेली भिंत आडवी झालेली होती. बाई जिथं तीन दिवस बसली होती, बरोबर तिथं.

"वाचली म्हना," अविनाश म्हणाला.

"वाचली. तिन्ही वाचले. म्हंजे दोघं आन थे." मामाजींनी पायावरचा मच्छर मारला. "नवरा आला आठ दिवसांनं. चर्चच्या पोरांनीच भिंती बांधून देल्ल्या. राहतात तिथंच. थे पोरंबी येतात साला-दोन सालांनं भेटाले."

"आन निवृत्ती काका?"

"त्याले काय झालं? चालवते गाडी."

 गल्लीतलं कुत्रं उठलं, जागा बदलून पुन्हा बसलं.

"दुसऱ्या दिवशी त्यानं पाह्यलं तं बाजूची सीट ओली होती. मधात, एवढीशी. लेकरू बसते तेवढी. त्यानं पुसली. वाळली नाही. कवर बदललं. खालचा फोम काढून नवा टाकला मलकापूरले जाऊन. आठ दिवसांनं पुन्हा तेवढीच ओली. टपावरून गळते म्हनून टप पाह्यला मिस्त्रीनं. टपाले छिद्र नाही. आता तो पुसतबी नाही. त्या सीटवर कोनाले बसवतबी नाही. विचारलं तं म्हनते, जागा नाही भाऊ, मागं बस."

"तुमी पाह्यली काय, आबा?"

"गेल्या मे महिन्यात गेलो होतो वडनेरले. दुपारचे दोन. असं ऊन की लोखंडाले हात लावला तं भाजे. गाडी सकाळपासून उन्हात उभी, काचा बंद. तो घरात पानी आनाले गेला, मी दार उघडलं."

मामाजींनी उजवा हात पुढं केला. पालथा केला, उताणा केला, धोतराला पुसला.

"ओली होती," ते म्हणाले. "आन गार."