वाट मोकळी आहे

दार लोटून घे रे, वारं येतंय. आणि हसू नका. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, म्हणूनच ही गोष्ट सांगताना वाक्यावाक्याला अडतो. माझ्या एका विद्यार्थ्याची आहे. त्याने सांगितली तशी सांगतो; माझ्याकडून काही जास्तीचं शिरलं असेल तर... नसावं.

गेल्या नोव्हेंबरातला तिसरा शनिवार. चंद्र उगवायला अवकाश होता. हा पठ्ठ्या वाखाचा, म्हणजे दोर वळायच्या घायपाती धाग्यांचा, भारा खांद्यावर टाकून दोरवाल्यांच्या गल्लीत आजीकडे निघाला होता. जुनी गावं होती तशी राखायची, हे त्याचं काम. गावात त्याला जतनसाहेब म्हणत. दुसऱ्या दिवशी जुन्या रूपात आणलेल्या गल्लीचं उद्घाटन होतं आणि पाहुण्यांसमोर दोर वळून दाखवायचा होता.

त्या गल्लीत दोर वळणारं एकच जोडपं उरलेलं. आजी चाक फिरवायची. आजोबा कमरेला वाख गुंडाळून, तो बोटांतून सोडत, उलटे मागे चालायचे. त्यांनी वळून बघायचं नाही, पीळ बिघडतो. मागचं बघायचं आजीने, आणि हाक द्यायची, ‘‘या, वाट मोकळी आहे.’’

पोरं चिडवत, ‘‘आजोबा, भुतासारखे उलटे चालता!’’

‘‘भूत असतो तर तुमच्या आजीने एवढं राबवलं असतं का मला?’’

गल्लीच्या टोकाला विहीर होती. चाळीस वर्षांपूर्वी गावाने तिच्यावर सिमेंटची लादी टाकली, तेव्हापासून आजोबा त्या लादीवरून पलीकडे जात. जतनसाहेबाला एका जुन्या फोटोत उघडी विहीर दिसली. दोघं दोर विकायला बाजारात गेली होती, त्या सकाळी त्याने लादी काढवली. कठडा नंतर बांधायचा होता. दुपारी दोघं परतली ती थेट कामाला लागली. त्यांना कुणी सांगितलंच नाही. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू.

ती म्हणाली, ‘‘या, वाट मोकळी आहे.’’

नंतर ती एवढंच मागत होती, की लादी परत टाका. हा म्हणाला, फोटोत लादी नाही.

तर त्या शनिवारी आजी चाकापाशीच बसली होती. मोकळे पांढरे केस पाठीवर.

‘‘आजी, परंपरा थांबता कामा नये.’’

‘‘चाक फिरवीन की. मागे कोण जाणार?’’

‘‘मी. शिकलोय मी. आज एकदा करून बघू.’’

‘‘बघा हो साहेब,’’ ती म्हणाली. ‘‘मला आता डोळ्यांनी काही दिसत नाही.’’

कठडा अजून व्हायचाच होता, म्हणून त्याने विहिरीच्या चांगला अलीकडे पायाला लागेल असा दगड ठेवला. कमरेला वाख बांधला. चाक फिरू लागलं.

‘‘या,’’ आजी म्हणाली. ‘‘वाट मोकळी आहे.’’

तो मागे सरकला. बोटांतून वाख सुटत होता. दोर छान वळत होता. त्याला आनंद झाला, असं तो म्हणाला.

‘‘या...’’

चाकाजवळचा कंदील लहान झाला. आजी दिसेना. चाकाची करकर येत होती.

‘‘या...’’

दगड अजून कसा लागला नाही?

‘‘आजी?’’

चाक मात्र फिरत होतं. जोरात.

‘‘या.’’

पुरुषाचा आवाज. मागून. खालून.

‘‘या, साहेब. जागा आहे.’’

टाचेखाली काहीच नव्हतं...

कसा पुढे पडला, त्याला ठाऊक नाही. वाख कमरेवरून ओरबाडला गेला. कुणीतरी ओढून नेला. तो रांगत निघाला. चाकापाशी पोचला. चाक फिरत होतं. आजीची जागा रिकामी होती.

तो पळाला. पहाटे माझ्या दारात आला, पायात चपला नाहीत. मी म्हटलं, भास झाला असेल. शिकलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

उजाडल्यावर आम्ही गेलो. विहीर उपसली. आजी सापडली नाही. आजोबांच्या वेळी तरी प्रेत मिळालं होतं.

चाकाच्या आकड्यापासून दोर ताठ विहिरीत गेला होता. चार माणसांनी तो ओढून काढला. मी हात लावून पाहिला. एकसारखा घट्ट पीळ, असा दोर वळणारं आता त्या गावात कुणी नाही. भाऱ्यातला वाख दोराच्या अर्ध्यावरच संपला होता.

तिथून पुढे, तेवढ्याच लांबीला... पांढरे केस वळलेले होते.