शेवटच्या धुण्याचं पाणी

कुळाणू चोरणाऱ्याचा एक हात आज, दुसरा उद्या, ऐरणीवर ठेवून फोडायचा, असा सावरदऱ्याचा नियम होता. चुकीचा दाखला देणाऱ्या तपासनिसाचा एक हात.

तापलेल्या जमिनीत आता कुठलंच पीक आपल्या बळावर तगत नसे. मुळांच्या आत राहून रोपाला जगवणारा जिवाणू प्रत्येक घराने पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला. तोच त्या घराचा कुळाणू.

शेजारच्या गोरखने आपला कुळाणू चोरला, असं म्हणत बापू ढकणे त्याच्या रानातली ज्वारीची मुळं स्वतः उपटून जिवाणूघरात घेऊन आले. तपासनीस ऋजुताने ती ब्लीचमध्ये बुडवली.

"अहो ताई, मरतील ना ते!"

"बाहेरचे मरायलाच हवेत, बापू. बाहेर कुणाचेही चिकटतात. आतला तेवढा खरा."

स्वच्छ पाण्याने मुळं खळबळून तिने शेवटचं पाणी एका बशीत पसरलं, कुटलेलं मूळ दुसरीत. पाण्याच्या बशीत काही उगवलं, तर धुणं कच्चं; मग मुळाच्या बशीतलंही बाहेरून चिकटलेलं असू शकतं.

दुसऱ्या दिवशी मुळाच्या बशीत गुलाबी ठिपके दिसले. जनुकं जुळली. ढकण्यांचाच कुळाणू. पाण्याची बशी कोरी होती. पण तिथे मोजकेच जिवाणू असले, तर ठिपका दिसायला दोन दिवस लागतात.

"उद्यापर्यंत थांबा."

"पाण्यात काय बघायचंय? आम्ही काय पाणी पेरलं होतं?"

दारातले लोक हसले. एक दगड खिडकीची काच फोडून आत आला. ऋजुताने चोरीच्या दाखल्यावर सही केली.

दुपारी गोरखचा उजवा हात फुटला. पहिल्या घावाला तो ओरडला. दुसऱ्या घावाला बोटांचा नुसता चिखल उडाला. लोहाराने तोंड पुसलं.

सकाळी पाण्याच्या बशीत तीन गुलाबी ठिपके होते. तेही ढकण्यांचेच; मुळं उपटणाऱ्या बापूंच्या तळहातावरून आलेले. बशी ब्लीचमध्ये बुडवली असती, तर कुणाला कळलं नसतं. ऋजुताने ब्लीचकडे एकदा पाहिलं आणि बशी घेऊन धावत सुटली.

गोरखचा डावा हात ऐरणीला बांधून झाला होता.

"थांबा! धुणं कच्चं राहिलं. चोरी सिद्धच झालेली नाही. चूक माझी आहे!"

बापू आपले तळहात पाहत राहिले. लोहाराने गोरखचा दोर सोडला आणि तोच दोर हातात धरून थांबला. ऋजुता गुडघ्यांवर बसली. तिने डावा हात पुढे केला.

चिंध्यांत गुंडाळलेला आपला उजवा हात छातीशी धरून गोरख वाकला. त्याचा आवाज अगदी शांत होता.

"डावा कशाला, ताई? सही कुठल्या हातानं केलीत?"