माळ्यावरची सहाण

खोटं वाटत असेल तर इथेच थांबा. यशोधरा माझी मावसबहीण आहे आणि थापा मारणं तिच्या रक्तात नाही. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, अंबरनाथ पश्चिमेच्या एका जुन्या चाळीत, भरदुपारी घडलंय हे. भुतं रात्रीच येतात हे कुणी सांगितलं तुम्हाला?

यशोधरा एमआयडीसीत पॅकिंगला जायची. तिची सोनू तेव्हा तान्ही. सांभाळायला सासू, सुंदराबाई, गावाहून आलेली. म्हातारी रोज सहाणेवर जायफळ, वेखंड उगाळून पोरीला बाळगुटी चाटवायची. तिची सहाण फुटली, म्हणून तिने खोलीच्या माळ्यावर सापडलेली जुनी सहाण धुऊन घेतली.

तेवढीच चूक.

आधी चाळ डोक्यावर घेणारी सोनू आता हूं की चूं करेना.

"गुणाची झाली गं माझी बाय," सासू खूश.

मग एका संध्याकाळी यशोधरा कामावरून आली... आणि पोर उठेचना.

ओठ निळे. श्वास... येतोय की नाही?

रिक्षात घालून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या राईएवढ्या.

"अफू कुणी दिली हिला?"

सुई दिली, पोर वाचली. पण यशोधरा सासूवर तुटून पडली. "रडते म्हणून जीव घेणार होतात का तिचा?" म्हातारी पोराच्या गळ्याची शपथ घेत राहिली. कोण ऐकतंय! दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने, विक्रांतने, आईला गावच्या एसटीत बसवलं.

यशोधराने रजा टाकली. दुपारी सोनू पाळण्यात भोकाड पसरून रडत होती. यशोधराला ते रडणंसुद्धा गोड लागत होतं.

आणि सोनू एकदम गप्प झाली.

स्वयंपाकघरातून आवाज आला...

खर्र... खर्र...

सहाणेवर कुणीतरी काहीतरी उगाळत होतं. घरात तर दोघीच!

कडवट, उग्र वास आला. मग पाळण्यापाशी... बाईचा आवाज.

"गप गं. आई कामावर गेलीय."

"मी इथेच आहे!" यशोधरा किंचाळली. "हात लावशील तर बघ!"

"सगळ्या असंच म्हणतात," आवाज चिडला. "आणि जातात."

पाळणा धाडकन भिंतीवर आदळला. यशोधराने पोर उचललं आणि गॅलरीत पळाली.

ओरडा ऐकून शेजारच्या इंदुबाई आत डोकावल्या आणि ओट्यावरची ती सहाण त्यांनी लगेच ओळखली. फार पूर्वी त्या खोलीत एक बाई कामगारांची पोरं सांभाळायची. कारखान्याचा भोंगा झाला की आया पोरं टाकून जायच्या. ती अफूची बाळगोळी उगाळून एकेकाला चाटवायची. मग संध्याकाळपर्यंत चिडीचूप.

"सगळीच उठायची नाहीत गं," इंदुबाई म्हणाल्या.

सहाण फोडून नदीत टाकली. खोली सोडली. यशोधराने सासूचे पाय धरून तिला परत आणलं, नोकरीला रामराम ठोकला, आणि आता सगळे बदलापूरला राहतात. घरात सहाणच नाही.

तरी कधी कधी दुपारी सोनू रडता रडता थांबते...

स्वयंपाकघराकडे बघते...

आणि हळूच तोंड उघडून जीभ पुढे करते.

यशोधरा मग तिला करकचून चिमटा काढते. पोर कळवळून रडली की हिच्या जिवात जीव येतो.

आत्ता तिचा फोन आला होता. आज चिमटा काढला, तरी सोनू रडली नाही.