पंचेचाळीस वेढे

माणसाच्या पुढं त्याचं सामान पळताना मी कळंबच्या एसटी स्टँडवर पहिल्यांदाच पाहिलं. गाडीतून उतरताना त्याच्या पेटीचं झाकण उघडलं आणि तांब्याच्या तारेचं रीळ घरंगळत थेट माझ्या पायाशी आलं. मागं केसासारखी बारीक तार सुटत गेलेली...

मी रीळ उचललं आणि तार गुंडाळत गुंडाळत त्याच्यापर्यंत गेले. कुठं गाठ पडू दिली नाही.

"बोटं लई हलकी हायेत तुमची," तो म्हणाला.

"आणि तुमची नजर लई जड. बोटांवरून हलंना!"

तो लाजला. पुरुष असा लाजताना बरा दिसतो.

ते ईरण्णा मास्तर, उमरग्याचे. साल त्रेसष्ट. चीनच्या लढाईनंतर लष्कराची बिनतारी यंत्रं परक्या देशाच्या भरवशावर ठेवायची नाहीत, असं सरकारनं ठरवलं होतं. सुटे भाग इथंच करायला पैसा मंजूर झाला आणि त्यातला थेंबभर कळंबला पोचला – बारा बायकांचा वर्ग, बारा हातयंत्रं, एक मास्तर. माझे वडील बसप्पा, आमचे आप्पा, धान्याच्या मोंढ्यात मापाडी. त्यांनी आढेवेढे घेत का होईना, मला पाठवलं.

काम सोपं दिसायचं. छोट्या नळीवर तारेचे मोजून पंचेचाळीस वेढे घालायचे. मास्तर सगळ्यांचं काम बघायचे, पण माझ्यापाशी जरा जास्तच वाकायचे.

"मास्तरांचा चष्मा तुझ्याच नळीपाशी बरा अडकतो गं, तारामती," शेजारची नसीमबी कानाशी लागायची.

खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं.

पहिला माल बंगळूरला गेला आणि पत्र आलं. माझ्या सगळ्या नळ्या नापास! आठ दिवसांत दुसरा माल पाठवा, तोही असाच निघाला तर पैसा बंद, वर्ग बंद. म्हणजे मास्तर उमरग्याला परत.

ते माझ्या शेजारी येऊन बसले. "घाला वेढे. मोठ्यानं मोजा."

"लाभ, दोन, तीन..."

"एक कुठं गेला?"

"मोंढ्यात पहिल्या मापाला लाभच म्हणत्यात, मास्तर."

पंचेचाळीस झाले. अन् माझ्या हातानं आणखी एक वेढा घातला.

"हा कसला?"

"वरचा..." मी चाचरले. "आप्पा पायली भरली की वर मूठभर टाकत्यात. आपल्या हातून कुणाला कमी पडू नये म्हणून. हे तर जवानांचं काम, मग—"

मास्तरांनी चष्मा काढला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "अहो, एक वेढा जास्त झाला की बिनतारी यंत्राला आवाजच धरता येत न्हाय!"

मला मात्र रडूच फुटलं. "माझ्यामुळं तुम्ही जाणार..."

त्यांचं हसू थांबलं. हळूच म्हणाले, "मी जाऊ नये असं वाटतं तुमाला?"

"व्हय. लई वाटतं."

वर्गातली बाराही यंत्रं गप्प झाली. नसीमबी तेवढी खोकली.

त्या आठ दिवसांत मी पंचेचाळीसाव्या वेढ्याला हात थांबावा म्हणून दातांखाली जीभ धरायची. माल गेल्यावर पंधरा दिवस बंगळूरच्या उत्तराची वाट बघत देवाला नवस बोलायची. उत्तर आलं त्या संध्याकाळी मास्तर आमच्या घरी आले. आप्पांनी त्यांना घोंगडीवर बसवलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"माल पास झाला, आप्पा. वर्गाला पुढच्या दोन वर्षांचा पैसा मिळाला."

"मंजी तुमी कळंबातच ऱ्हाणार. ब्येस झालं!"

"व्हय..."

मास्तर उठेनात. चहा झाला, पान झालं. सुपारीही झाली.

"आनिक काय पायजे व्हतं का मास्तर?" आप्पांनी विचारलं.

मास्तरांनी तोंड उघडलं, मिटलं, घोंगडीचे दोरे मोजायला लागले. सगळ्या वर्गावर ओरडणारा माणूस, आणि आता अवाक्षर फुटेना! माझा धीर सुटला.

"मी पायजे त्यांना, आप्पा," मी दारातूनच म्हणाले. "आणि मला ते."